पदवी सोबत येते, परवाना येत नाही
डॉक्टरांचं स्थलांतर आणि नेदरलँड्स : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

अ‍ॅमस्टेलव्हीन किंवा आइंडहोवनमध्ये आता मराठी घर शोधत फिरावं लागत नाही. त्यातल्या काही घरांचं चित्र बरंचसं सारखं असतं. नवरा आयटीत किंवा चिपच्या यंत्रांच्या कंपनीत, उच्चकुशल कामगारांच्या व्हिसावर आलेला. बायको एमबीबीएस, कुणी बीडीएस, कुणी बीएएमएस. फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात : लेवर म्हणजे यकृत, नीर म्हणजे मूत्रपिंड, माख म्हणजे जठर. सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करताना एका रात्रीत पाच-सहा बाळंतपणं पाहिलेली ती मुलगी पोळ्या लाटता लाटता अवयवांची नावं नव्यानं पाठ करत असते. भारतातून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग, तिथं प्रॅक्टिस कधी सुरू करतेस?"

हा प्रश्न प्रेमानं विचारलेला असतो, पण त्यामागे कितीतरी ऐकीव गोष्टी असतात. याच ऐकीव माहितीवर लग्नं ठरतात, कर्जं काढली जातात, मुलांना बारावीनंतर कुठे पाठवायचं तेही ठरतं. म्हणून त्यातल्या काही इथे नीट तपासून पाहू.

गैरसमज : युरोपात डॉक्टर कमी आहेत. भारतीय डॉक्टर म्हटल्यावर पायघड्या घालतात.

वस्तुस्थिती : या बाबतीत युरोप हा एक प्रदेश नाही. नॉर्वे आणि आयर्लंडमध्ये दर शंभर डॉक्टरांतले चाळीसच्या आसपास परदेशात शिकून आलेले असतात. ब्रिटनमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्या घरात आहे. नेदरलँड्समध्ये ते शेकडा पाचाहूनही कमी आहे, श्रीमंत देशांच्या यादीत तळाच्या जवळ. ब्रिटनमध्ये गेलेल्या मामेभावाचा अनुभव इथे लागू पडत नाही तो यामुळेच.

हा देश आपले डॉक्टर आपणच घडवतो, आणि तेही मोजून. पुढच्या काळात कोणत्या विषयाचे किती तज्ज्ञ लागतील याचा अंदाज बांधून सरकारला सल्ला देणारी एक संस्था १९९९ पासून काम करते आहे, कपासिटाइट्सऑर्गान नावाची. लोकसंख्या किती म्हातारी होते आहे, किती डॉक्टर निवृत्त होणार, किती जण अर्धवेळ काम करतात, असा सगळा हिशेब मांडून ती प्रशिक्षणाच्या जागा सुचवते. वैद्यकीय शिक्षण देणारी विद्यापीठ रुग्णालयं देशभरात फक्त सात, आणि प्रवेशाच्या जागा १९७० च्या दशकापासून ठरवून दिलेल्या.

नीटच्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या पालकांना पुढची गोष्ट ऐकून नवल वाटेल. या देशात वैद्यकीय प्रवेश कित्येक वर्षं सोडतीनं होत असत. गुण जास्त असले तर चिठ्ठी निघण्याची शक्यता वाढे, पण शेवटी चिठ्ठी ती चिठ्ठीच. १९९० च्या दशकात दहापैकी ९.६ सरासरी असलेल्या एका मुलीचं नाव लागोपाठ तीन वर्षं निघालं नाही. देशभर गदारोळ झाला, आणि मग आठच्या वर सरासरी असणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला. पुढे २०१७ मध्ये सोडत बंद झाली आणि २०२३ पासून विद्यापीठांना ती पुन्हा वापरायची मुभा मिळाली. घरी जागा न मिळालेली डच मुलं शेजारच्या बेल्जियममध्ये जाऊन डॉक्टर होत आली आहेत. जागांच्या टंचाईमुळे देश सोडणं हे एकट्या लातूर-कोट्याच्या मुलांचं नशीब नाही.

टंचाई इथेही आहे, हे खरंच. झेलंडसारख्या कोपऱ्यातल्या प्रांतात कुटुंब डॉक्टर मिळत नाही, नव्या रुग्णांची नोंदणी बंद असल्याच्या पाट्या लागतात. पण टंचाई आहे म्हणून दार उघडं असेल असं धरून चालू नये.

गैरसमज : भारतातल्या पदवीला आता जागतिक मान्यता आहे. एखादी परीक्षा दिली की झालं.

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेले संदेश आठवत असतील : आता भारतीय डॉक्टर जगात कुठेही प्रॅक्टिस करू शकणार. मान्यता मिळाली ती महाविद्यालयं तपासणाऱ्या आयोगाच्या कामाच्या पद्धतीला. रुग्णाला हात लावायचा परवाना हा प्रत्येक देशाचा स्वतःचा कारभार आहे आणि तो तसाच राहिला.

नेदरलँड्समध्ये त्या परवान्याचं नाव बिग नोंदणी. १९९३ च्या आरोग्य व्यवसाय कायद्यानुसार आरोग्य मंत्रालयाची एक यंत्रणा ही नोंदवही ठेवते. तिथे डॉक्टरला 'आर्ट्स' म्हणतात. आपल्या कॉमर्स-आर्ट्सशी या शब्दाचा काही संबंध नाही. नोंदणी नसताना ही उपाधी लावणं हा गुन्हा आहे.

युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशामुळे संघातल्या देशांच्या वैद्यकीय पदव्या एकमेकांकडे जवळपास आपोआप मानल्या जातात. म्हणजे पोर्तुगालमधला डॉक्टर डच शिकून आला की त्याची वाट बरीच सोपी. भारतीय पदवीला ही सोय नाही. तिच्या वाट्याला पायऱ्या येतात. आधी कागदपत्रं. मग भाषा, आणि तिथली आरोग्यव्यवस्था कशी चालते याची समज. मग वैद्यकीय ज्ञानाची आणि प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा, जिच्यात शरीरशास्त्रापासून रुग्णाशी बोलण्यापर्यंत सगळं तपासलं जातं. त्यानंतर परदेशी पदवीधरांसाठीचा आयोग ठरवतो की अजून किती शिकायला हवं, आणि बहुतेकांना डच विद्यार्थ्यांबरोबर काही काळ वॉर्डात पुन्हा उमेदवारी करावी लागते. हे सगळं काही वर्षांचं काम आहे. भारतातलं एमडी किंवा एमएस असलं तरी आधी साधा आर्ट्स म्हणून नोंदणी, आणि तज्ज्ञ म्हणून मान्यता देणारी समिती पुन्हा वेगळी.

यातली सगळ्यांत उंच पायरी भाषेची. आपल्याकडे लोक म्हणतात, नेदरलँड्समध्ये तर सगळे इंग्रजी बोलतात. दुकानात बोलतात, ऑफिसात बोलतात. पण ऐंशी वर्षांची आजी छातीवर हात ठेवून बोलायला लागते तेव्हा ती डचमध्येच बोलते. आपल्या भाषेत पाहा. "अंगात कणकण आहे", "पोटात डचमळतंय", "जीव घाबराघुबरा होतोय", "कसंतरीच वाटतंय". इंग्रजी पुस्तक तोंडपाठ असलेल्या परदेशी डॉक्टरला यातलं काय कळेल? कणकण म्हणजे ताप नाही, तापाची चाहूल आहे, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. तसाच डचमध्ये 'बेनाउट' हा शब्द. रुग्ण 'मी बेनाउट आहे' म्हणतो तेव्हा त्याला दम लागलेला असू शकतो, छाती आवळल्यासारखं वाटत असू शकतं, किंवा नुसती धास्ती वाटत असू शकते. पुढचा प्रश्न काय विचारायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची की पाणी द्यायचं, हे त्या एका शब्दाचा सूर ऐकून ठरवायचं असतं. फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांनी यकृत-मूत्रपिंड पाठ होतं. बेनाउट कळायला माणसांत बसावं लागतं. म्हणूनच भाषेच्या परीक्षेला रोजच्या व्यवहारापुरतं डच पुरत नाही, आणि मला ही अट जाचक वाटत नाही. आपल्या आईला तपासणाऱ्या डॉक्टरला कणकण कळावी असं आपल्यालाही वाटतंच की.

गैरसमज : शरीर सगळीकडे सारखं, तेव्हा वैद्यकीही सगळीकडे सारखी.

अपेंडिक्स सगळ्यांचं उजव्या बाजूला असतं, हे मान्य. पण डॉक्टरचं काम अपेंडिक्सपाशी संपत नाही.

नव्यानं आलेली मराठी कुटुंबं पहिल्या हिवाळ्यातच चिडतात. मुलाला ताप आला, कुटुंब डॉक्टरकडे नेलं, दहा मिनिटांच्या भेटीत त्यानं पॅरासिटामॉल द्यायला सांगून घरी पाठवलं. अँटिबायोटिक नाही, रक्ततपासणी नाही, बालरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी नाही. हा निष्काळजीपणा नसतो, या देशाचं ते शिक्षणच आहे. प्रतिजैविकं सर्वांत कमी वापरणाऱ्या युरोपीय देशांत नेदरलँड्सची गणना होते. हाउसआर्ट्स म्हणजे कुटुंब डॉक्टर हा व्यवस्थेचा उंबरठा. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही. सहा वर्षांच्या पदवीनंतर आणखी तीन वर्षं खास हाउसआर्ट्स होण्यासाठी शिकावं लागतं. 'नुसता जीपी' हे आपल्याकडचं हिणवणं तिथे कुणाला कळणार नाही.

बाळंतपणाचं पाहा. गर्भारपण निर्धोक असेल तर बाईची सगळी काळजी प्रशिक्षित सुईण घेते. आजही बऱ्याच डच बायका घरीच बाळंत होतात, आणि नंतर आठवडाभर परिचारिका घरी येऊन आई-बाळाकडे बघते. महाराष्ट्रातून आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना इथे निम्मं शास्त्र नव्यानं मनात बसवावं लागतं. हात तेच असतात, पण ते कधी आवरायचे हे शिकायचं असतं.

आणि मरणाचं. १ एप्रिल २००२ पासून या देशात दयामरणाचा कायदा आहे. देशभर लागू होणारा असा कायदा जगात प्रथम इथे अमलात आला. असह्य वेदना, सुधारण्याची आशा नाही, रुग्णाची स्वतःची विचारपूर्वक विनंती, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत, या कसोट्या पाळून डॉक्टर ते करू शकतो. त्याच्यावर सक्ती नाही. ही विनंती बहुतेक वेळा हाउसआर्ट्ससमोर, रुग्णाच्या घरच्या बैठकीच्या खोलीत, कॉफीच्या कपासोबत केली जाते. आपल्या महाविद्यालयांत हा प्रसंग कुणी शिकवत नाही. तो शिकवल्याशिवाय परवाना देऊ नये असं त्या देशाला वाटलं तर त्यात अपमान कुणाचाच नाही.

गैरसमज : जॉर्जियात स्वस्तात शिकलं की युरोप मोकळा.

जॉर्जिया युरोपीय संघात नाही. तिथल्या पदवीला नेदरलँड्समध्ये भारतीय पदवीइतक्याच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि भारतात परत यायचं तर परदेशी पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते, जिच्यात बहुतेक सत्रांत निम्म्याहून जास्त उमेदवार नापास होतात. एजंट माहितीपत्रकावर युरोपचा नकाशा छापतो, या दोन गोष्टी छापत नाही.

गैरसमज : डॉक्टर पैशासाठी जातात, गरीब देशांतून श्रीमंत देशांत जातात, आणि हे सगळं अलीकडचं आहे.

इथे जरा थांबायला हवं, कारण ही गोष्ट आपल्या अंगणातून जाते.

१५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. तो मूळच्या ज्यू घराण्यातला, धर्म बदलायला लावलेल्या कुटुंबातला. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनचं सावट दाटत होतं. त्याच्या स्थलांतरात भीतीचा वाटा मोठा होता. गोव्यात तो स्थिरावला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, आणि १५६३ मध्ये त्यानं गोव्यातच हिंदी वनस्पती आणि औषधांवरचं संवादरूप पुस्तक छापलं. त्याच्या मृत्यूनंतर गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र वाचलं. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते १५६७ मध्ये लॅटिनमध्ये आणलं, आणि तोच क्लुसियस १५९३ मध्ये लायडनला येऊन तिथल्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. युरोपभरचे वैद्यकीचे विद्यार्थी ज्या लायडनला पुढे शिकायला जाऊ लागले, तिथल्या बागेच्या मुळाशी गोव्यात जमवलेल्या ज्ञानाचीही माती आहे.

त्याच शतकात लिन्सखोतेन हा डच तरुण गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्यानं गोव्यातल्या हिंदू वैद्यांबद्दल लिहिलं आहे. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातले पाद्रीसुद्धा आपल्या देशातल्या वैद्यांपेक्षा या वैद्यांवर जास्त विश्वास टाकतात, असं तो नोंदवतो. पुढे शंभर वर्षांच्या आतच कोचीनच्या डच गव्हर्नरनं, व्हान रेडनं, मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ च्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यासोबत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापलेल्या पुस्तकात आपली लिपी! हे तिघे गोव्यातून दक्षिणेकडे जावं लागलेल्या गौड सारस्वत समाजातले, म्हणजे तेही स्थलांतरितांची लेकरं.

मग शिक्षणानं स्थलांतराला कुंपण कसं घातलं तेही पाहा. डचांनी १८५१ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, जावातल्या मुलांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे स्तोव्हिया ही प्रसिद्ध शाळा उभी राहिली. पण तिथून निघालेला डॉक्टर 'देशी डॉक्टर', डच आर्ट्सच्या एक पायरी खाली, कमी पगाराचा. पूर्ण दर्जा हवा तर समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये परीक्षा द्यायची. अब्दुल रिवाईसारख्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तसं केलं. आणि याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी २० मे १९०८ रोजी बुदी उतोमो ही संघटना काढली. इंडोनेशिया आजही तो दिवस राष्ट्रीय जागृती दिन म्हणून पाळतो.

हे चित्र ओळखीचं वाटतं ना? पणजीत १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचीही तीच गत. गोव्यात शिकलेला डॉक्टर मोझांबिक-अंगोलात पोर्तुगीज सत्तेची सेवा करायला चालायचा, पण पूर्ण दर्जाचा डॉक्टर म्हणवून घ्यायला त्याला पोर्तुगालला जाऊन पुन्हा शिकावं लागे. कुणाचं शिक्षण 'पुरेसं' हे ठरवण्यात शास्त्र किती आणि सत्ता किती, हा प्रश्न म्हणून जुना आहे. आजच्या डच परीक्षा त्या वसाहती उतरंडीसारख्या आहेत असं मी म्हणणार नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या सगळ्यांना त्या सारख्या आहेत, आणि सिरियातल्या युद्धातून जीव वाचवून आलेल्या डॉक्टरांनीही त्या दिल्या. पण वीस वर्षं शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला वर्षानुवर्षं रांगेत बसवून ठेवणं, तेही डॉक्टर हवे असताना, हा अपव्यय आहे. परीक्षा कठीण ठेवा, वाट मात्र लवकर संपू द्या.

गैरसमज : जागा वाढवल्या की डॉक्टर देशात राहतील. आणि जे जातात ते देशाचा पैसा घेऊन पळतात.

श्रीमंत देशांत परदेशी शिक्षण घेतलेले जे डॉक्टर आहेत त्यांत सर्वांत मोठा गट भारतात शिकलेल्यांचा आहे. दुसरीकडे देशात एमबीबीएसच्या जागा आता एक लाखाच्या पुढे गेल्या आहेत, आणि सर्वांत जास्त वैद्यकीय महाविद्यालयंही आपल्याकडेच आहेत. म्हणजे जागाही वाढल्या आणि जाणारेही थांबले नाहीत. डॉक्टर कुठे राहतो हे कितीजण शिकले यावर कमी, आणि कुठे, कुणाबरोबर, कोणत्या रुग्णांत शिकले यावर जास्त ठरतं. पुढच्या प्रशिक्षणाची जागा नसेल, तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल, नातेवाईक हात उगारत असतील, तर बंधपत्राचं वर्ष संपताच तो उठेल. कधी नेदरलँड्सला जाईल, बहुतेकदा पुण्याला जाईल. नंदुरबारच्या रुग्णाला दोन्ही सारखेच लांब.

हजार लोकांमागे एक डॉक्टर हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असल्याचं आपल्याकडे सर्रास लिहितात. संघटनेनं असा निकष घालून दिलेला नाही. तिनं २०१६ मध्ये जो उंबरठा मांडला तो हजार लोकांमागे डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून ४.४५ असा. डच व्यवस्था पाहिल्यावर यातलं शहाणपण कळतं : सुईण आणि परिचारिका पक्की असेल तर डॉक्टर पुरतो.

संघटनेनं २०१० मध्ये परदेशी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीची आचारसंहिताही केली. ज्या देशांतून माणसं खेचून नेऊ नयेत अशा देशांची यादी ती काढते. २०२३ च्या यादीत ५५ देश आहेत, त्यात पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आहेत आणि भारत नाही. म्हणजे आपल्या डॉक्टरांना नेण्यापासून जगाला ही यादी रोखत नाही. रोखायचं असेल तर भारतात काम करणं सुसह्य करावं लागेल.

आणि जाणारा कायमचा गेला असं धरू नये. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकले, १९८४ मध्ये परतले आणि गडचिरोलीत 'सर्च' उभं केलं. त्यांच्या घरोघरच्या नवजात बालसेवेचा १९९९ मधला शोधनिबंध जगभर वाचला गेला. परदेशी शिक्षणानं गडचिरोलीचं नुकसान झालं असं कोण म्हणेल?

गैरसमज : बीएएमएस असेल तर तिथे काहीच करता येत नाही.

डच कायदा इथे अनपेक्षितपणे मोकळा आहे. शस्त्रक्रिया, इंजेक्शन, भूल अशी राखीव कामं सोडली तर उपचार करायला कुणालाही बंदी नाही. बंदी आहे ती संरक्षित उपाधी लावायला. आयुर्वेदाचा सल्ला देता येतो, पण आर्ट्स म्हणवून घेता येत नाही. दंतवैद्यांची नोंद बिगमध्येच होते, त्यांची परीक्षा वेगळी. संशोधनाचा रस्ताही आहे : डच विद्यापीठांत पीएचडी ही पगारी नोकरी असते, आणि प्रयोगशाळेत किंवा आकडेवारीत काम करायला बिग नोंदणी लागत नाही.

ज्या घरात एक जण डॉक्टर आहे आणि नेदरलँड्सचं तिकीट निघायचं आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. इंटर्नशिपचा दाखला आणि वैद्यकीय परिषदेचं सद्वर्तन प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच हातात घ्या, इथे येऊन ते मागवण्यात महिने जातात. डच भाषेचा वर्ग पुण्यात असतानाच लावा. इथे नोंदणी झालेल्या डॉक्टरलाही ती टिकवायला पाच वर्षांत २०८० तास काम दाखवावं लागतं, तेव्हा हात रिकामे राहण्याची किंमत या देशाला चांगली कळते. घरातल्या डॉक्टरचा भाषेचा वर्ग आधी सुरू करा. गाडी आणि घर दोन वर्षांनी घेतलं तरी चालेल.